जेवढ्या गाई हिवाळ्यात, तेवढ्याच उन्हाळ्यात

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा यश चोप्रा येतात. मग चॉकलेट, घड्याळं, बँका आणि सगळ्यात शेवटी गाय. गळ्यात भलीमोठी घंटा, मागे बर्फाचा डोंगर, पायाखाली हिरवंगार गवत. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मध्ये काजोलच्या हातात ती घंटा आली आणि आपल्याकडच्या निम्म्या हनिमूनांचा पत्ता ठरला.

या लेखाचा विषय तीच गाय आणि तेच गवत आहे. फक्त प्रश्न जरा वेगळा आहे. ते गवत नेमकं कोणाचं? आणि ते शेकडो वर्षं संपलं कसं नाही?

उत्तरासाठी एका गावात जावं लागेल. गावाचं नाव टोर्बेल. (जर्मन उच्चार हवा असेल तर 'ओ' म्हणायला तोंड उघडा, ओठांचा चंबू करा आणि 'ए' म्हणा. गावातले लोक स्वतः 'तेर्बिल' म्हणतात, त्यामुळे फार मनावर घेऊ नका.) वस्ती जेमतेम पाचशे. मॅटरहॉर्न बघायला झेरमाटला जाणारी छोटी लाल गाडी फिस्प नावाच्या स्टेशनवरून निघते आणि दरीतून वर चढू लागते. थोड्याच वेळात स्टाल्डेन येतं. तिथे मान अगदी मागे टाकून वर पाहिलं तर डोंगराच्या उतारावर काळपट लाकडी घरांचा एक पुंजका चिकटवल्यासारखा दिसतो, तो टोर्बेलचा भाग. दरवर्षी लाखो पर्यटक त्याच्या पायथ्यावरून जातात. त्यातले किती वर बघतात कोण जाणे.

आधी भूगोल, कारण या गावात सगळं भूगोलापासूनच सुरू होतं. गाव साधारण १५०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही वर. पण गावाची हद्द आडवी नसून उभी आहे. खाली दरीच्या अंगाला उबदार पट्टा, तिथे द्राक्षमळेसुद्धा होतात. त्याच्या वर फळझाडं, भाजीचे वाफे, राय नावाच्या धान्याची शेतं. मग गवताची कुरणं, मग जंगल आणि जंगलाच्या वर, साधारण २००० मीटरच्या पुढे, उन्हाळी चराऊ रान. त्याच्याही वर नुसता खडक, जवळजवळ ३००० मीटरपर्यंत. एकाच शेतकऱ्याचा द्राक्षमळा खाली आणि गाय वर, मध्ये हजार-बाराशे मीटरची चढण. जिम लावायची गरज कोणालाच पडली नसणार.

दुसरी गोष्ट म्हणजे पाऊस. हिरवं स्वित्झर्लंड डोळ्यांसमोर असताना पटायला अवघड जातं, पण ही दरी त्या देशातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक आहे. दोन्हीकडच्या उंच रांगा ढग अडवतात आणि इथे पर्जन्यछाया पडते. स्टाल्डेनच्या आसपास वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे आपल्या दुष्काळी तालुक्यांच्या हिशोबातला. त्यामुळे गवतसुद्धा आपोआप येत नाही, त्याला पाणी द्यावं लागतं. हिमनद्यांचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी डोंगरकड्यावरून पाट खोदून, कुठे लाकडी पन्हळी टांगून, मैलोगणती आणायचं आणि ठरलेल्या पाळीने सोडायचं. या पाटांना तिकडे 'झुओनेन' म्हणतात. पाट एकट्याने खोदता येत नाही आणि एकट्याने राखताही येत नाही.

तिसरी गोष्ट इतिहासाची. टोर्बेलच्या जमिनीच्या व्यवहारांचे लेखी कागद १२२४ पासूनचे आहेत. पण तेव्हा हे गाव 'स्विस' नव्हतंच! हा भाग म्हणजे वालिस (फ्रेंचमध्ये व्हाले), आणि तिथे सिऑनच्या बिशपची सत्ता होती. पुढे गावागावांच्या संघांनी बिशपच्या हातातून एकेक अधिकार काढून घेतला. नेपोलियनने १८१० मध्ये हा प्रदेश फ्रान्सला जोडून टाकला आणि १८१५ मध्ये, नेपोलियन संपल्यावर, वालिस स्विस संघात आलं. थोडक्यात, टोर्बेलवरचं सरकार बदलत राहिलं, गावाचे नियम मात्र त्याहून जुने आणि टिकाऊ निघाले.

हे सगळं जगाला कळलं ते रॉबर्ट नेटिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञामुळे. हा माणूस आधी नायजेरियातल्या कोफ्यार या डोंगरी शेतकऱ्यांचा अभ्यास करून आला होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो टोर्बेलमध्ये राहायला गेला. दिवसा लोकांबरोबर गवत कापायचं, गप्पा मारायच्या आणि उरलेल्या वेळात चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या उपसायच्या. त्या नोंदी एकमेकींना जोडून त्याने कित्येक पिढ्यांच्या वंशावळी उभ्या केल्या आणि त्यासाठी चक्क कॉम्प्युटर वापरला. सत्तरच्या दशकातला कॉम्प्युटर आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचं हस्ताक्षर! डेटा क्लीनिंगचा आपल्याला आलेला वैताग त्यापुढे काहीच नाही. १९८१ मध्ये त्याचं 'बॅलन्सिंग ऑन अ‍ॅन आल्प' हे पुस्तक आलं.

इथे एक शब्द स्पष्ट करून टाकतो. 'आल्प' म्हणजे आपल्याला डोंगर वाटतो. तिकडच्या शेतकऱ्याला आल्प म्हणजे डोंगरावरचं उन्हाळी गायरान.

आता नेटिंगला काय दिसलं? पहिली गंमत म्हणजे टोर्बेलमध्ये साम्यवाद अजिबात नव्हता. घर, शेत, भाजीचा वाफा, द्राक्षमळा, गवताचं कुरण, सगळं खाजगी. आणि खाजगी म्हणजे किती खाजगी? आईबापांच्या पश्चात मुलगे आणि मुली, सगळ्यांना सारखा वाटा. त्यामुळे जमिनीचे तुकडे पडत पडत रुमालाएवढे झालेले. घरंसुद्धा वाटलेली. तीन मजली लाकडी घरात प्रत्येक मजला वेगळ्या कुटुंबाचा, गोठ्यात एकाचा अर्धा हिस्सा तर धान्याच्या कोठारात दुसऱ्याचा चौथा. म्हणजे फ्लॅट सिस्टीम आपण शोधून काढलेली नाही, ती या डोंगरावर आधीपासून होती. भाऊबंदकीच्या सगळ्या शक्यता हजर होत्या.

आणि याच लोकांनी पाच गोष्टी मात्र कधीच वाटून घेतल्या नाहीत. उन्हाळी आल्प, जंगल, पडीक रान, पाण्याचे पाट आणि वाटा-रस्ते. या पाच गोष्टी गावाच्या.

का? रोजच्या जगण्यात इतके काटेकोर असलेले लोक इथेच उदार का झाले? नेटिंगचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात उदारपणा औषधालाही नाही. तो म्हणतो, जमिनीचा स्वभाव बघा. गावाजवळच्या कुरणाला खत घातलं, पाणी दिलं, की गवत वाढतं. ज्याने मेहनत केली त्यालाच फळ मिळायला हवं, म्हणून ते खाजगी. वरच्या आल्पवर गवत विरळ. यंदा या उतारावर चांगलं तर पुढच्या वर्षी त्या उतारावर, कारण बर्फ कुठे कधी वितळेल याचा नेम नाही. एकट्याने कष्ट करून तिथे फार काही सुधारतही नाही. आता समजा, त्या आल्पच्या शंभर पट्ट्या पाडून वाटल्या. प्रत्येकाला कुंपण घालावं लागणार, प्रत्येकाला वर एक गुराखी ठेवावा लागणार आणि ज्याच्या पट्टीवर उशिरा बर्फ वितळला त्याची गाय उपाशी. त्याऐवजी सगळ्या गाई एकत्र वर पाठवल्या तर चार-दोन गुराखी सगळा कळप सांभाळतात, तिथेच चीज करतात आणि बाकीचं गाव खाली राहून हिवाळ्यासाठी गवत कापायला मोकळं. उन्हाळा तिथे तीन-साडेतीन महिन्यांचा. त्यात गवत कापून, वाळवून कोठारात पडलं नाही तर हिवाळ्यात जनावर मेलंच. म्हणजे तेच शेतकरी एका जमिनीला 'माझी' म्हणत होते आणि दुसरीला 'आपली', आणि दोन्ही वेळा हिशोब अगदी चोख होता.

पण सामायिक म्हटलं की आपल्या मनात पुढचा प्रश्न येतोच. मग कोणीतरी लबाडी करणार. जिन्यातला दिवा, गच्चीवरची टाकी, ऑफिसच्या पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह... सगळ्यांचं ते कोणाचंच नाही, हे आपण रोज बघतो.

हाच प्रश्न १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात मांडला आणि तो लेख जगप्रसिद्ध झाला. त्याचं उदाहरण अगदी आपल्याच गावाचं असावं असं आहे. एक गायरान आहे, सगळ्यांना खुलं. प्रत्येक गुराखी विचार करतो, मी एक गाय वाढवली तर दूध पूर्ण माझं आणि गवताचं नुकसान सगळ्यांत वाटलं जाणार. म्हणजे माझा फायदाच. प्रत्येकजण असाच विचार करतो, गाई वाढत जातात आणि एक दिवस गायरान उजाड. यावर उपाय दोनच, खाजगी मालकी करा नाहीतर सरकारने ताबा घ्यावा. तर्काला तर्क म्हणून हे बिनतोड आहे. मुळात ही कल्पना विल्यम लॉइड या इंग्रज प्राध्यापकाची, १८३३ मधली. पण हार्डिनचं गायरान कागदावरचं होतं आणि त्या कागदावरचे गुराखी एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

टोर्बेलचे लोक बोलले. १ फेब्रुवारी १४८३ रोजी (कोलंबस अजून जहाजात चढायचा होता) गावकऱ्यांनी एकत्र येऊन एका करारावर सह्या केल्या आणि आल्प, जंगल व पडीक रान यांच्या वापरासाठी रीतसर संघ स्थापन केला. १५०७ च्या कागदात सामायिक जमिनीच्या हद्दी नोंदवलेल्या आहेत. आणि १५१७ मध्ये तो नियम लिहिला गेला, ज्यासाठी आज अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या गावाचं नाव येतं. नियम एका ओळीचा आहे. कोणाही गावकऱ्याने हिवाळ्यात तो जेवढ्या गाई पोसू शकतो त्यापेक्षा जास्त गाई उन्हाळ्यात आल्पवर पाठवू नयेत.

बस्स, एवढंच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, यात काय विशेष? नंतर नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की हे फार हुशार डिझाइन आहे. बघा, हिवाळ्यात गाय गोठ्यात असते आणि खाते ते स्वतःच्या खाजगी कुरणातलं वाळलं गवत. म्हणजे हिवाळ्यात पोसता येणाऱ्या गाईंची संख्या स्वतःच्या जमिनीवर आणि मेहनतीवर ठरते. सामायिक आल्पचा कोटा या खाजगी गोष्टीला बांधून टाकला. वसंतात बाजारातून दहा गाई स्वस्तात आणायच्या, गावाच्या फुकट गवतावर पोसायच्या आणि शरदात विकून पैसे खिशात घालायचे, हा सगळ्यात सोपा घोटाळा नियमाने मुळातच बंद केला.

दुसरं म्हणजे, तपासणीला खर्च नाही. आल्पवर किती गवत आहे, एका गाईला किती लागतं, यंदा पाऊस किती, यातलं काही मोजायची गरज नाही. फक्त गाई मोजायच्या. शेजाऱ्याच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई होत्या हे छोट्या गावात कोणाला ठाऊक नसतं? शिवाय आल्पवर गाई गेल्या की त्यांची मोजदाद होते आणि मोसमाच्या शेवटी कोणाला किती चीज मिळणार हे त्याच आकड्यावर ठरतं. म्हणजे गाय लपवली तर तिचं चीज गेलं आणि दाखवली तर कोट्यात धरली जाणार. एकाच नोंदीतून हिशोबही होतो आणि ऑडिटही.

देखरेखीला एक गावचा अधिकारी असे, 'गेवाल्टहाबर'. शब्दशः अर्थ अधिकार हातात असलेला. जास्त गाई पाठवणाऱ्याला तो दंड करी आणि दंडातली अर्धी रक्कम स्वतः ठेवी. म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणावर गावाने फार भिस्त ठेवली नव्हती, त्याच्या लोभालाच कामाला लावलं होतं. :)

बाकीची व्यवस्थाही याच धाटणीची. ज्यांच्या गाई आहेत ते सगळे आल्प संघाचे सभासद. वर्षातून एकदा सभा, तिथेच पदाधिकारी निवडायचे. ते गुराखी नेमतात, वरच्या रानात शेणखत पसरवण्याची व्यवस्था बघतात, हिमलोटाने मोडलेल्या झोपड्या आणि गुरांचे वाडे पुन्हा बांधून घेतात. श्रमदान किंवा वर्गणी किती? ज्याच्या गाई जास्त त्याचं काम जास्त. जंगलातली तोडायची झाडं आधी अधिकारी खुणा करून ठरवतात, मग चिठ्ठ्या टाकून ती घरांच्या गटांना वाटतात. आपल्या वाट्याला सरळसोट लार्च येणार की वाकडातिकडा, हे नशिबावर. वशिला चालत नाही. वालिसच्या गावांमध्ये अशा हक्कांच्या नोंदी कित्येकदा लाकडाच्या पट्ट्यांवर ठेवत. त्यावर प्रत्येक घराचं चिन्ह आणि खाचा, इतक्या गाईंचा हक्क, इतक्या तासांचं पाणी, इतक्या दिवसांचं काम. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही कळेल असा डेटाबेस.

नेटिंगचं हे काम एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासिकेच्या हाती लागलं. शिक्षण राज्यशास्त्राचं, नोकरी इंडियाना विद्यापीठात. तिने अशीच उदाहरणं जगभरातून गोळा केली. जपानमधली गावं, स्पेनमधले व्हॅलेन्सियाचे पाट, फिलिपिन्समधले पाणीवाटपाचे संघ आणि टोर्बेल. १९९० च्या तिच्या 'गव्हर्निंग द कॉमन्स' या पुस्तकात टोर्बेल अगदी ठळक जागी आहे. तिचं म्हणणं असं की खाजगीकरण आणि सरकारीकरण या दोन टोकांच्या मधे एक तिसरी वाट आहे. वापरणारे लोक स्वतःच नियम करू शकतात, ते राखू शकतात आणि शतकानुशतकं टिकवू शकतात. २००९ मध्ये तिला ऑलिव्हर विल्यमसनबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. हार्डिननेही पुढे मान्य केलं की त्याने वर्णन केलं ते व्यवस्था नसलेल्या गायरानाचं. नेटिंग मात्र १९९५ मध्येच गेला, ऑस्ट्रॉमचं नोबेल बघायला तो राहिला नाही.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. शहाणे शेतकरी, मूर्ख सिद्धांत, टाळ्या. पण १४८३ च्या त्याच करारात आणखी एक कलम आहे आणि ते वाचल्याशिवाय टोर्बेल कळत नाही.

ते कलम 'फ्रेम्डे', म्हणजे परक्यांबद्दल आहे. बाहेरच्या माणसाने टोर्बेलमध्ये जमीन विकत घेतली तरी त्याला आल्पवर, सामायिक रानात, जंगलतोडीत कसलाही हक्क मिळणार नाही. पैसे मोजले, खरेदीखत झालं, घर बांधलं, तरीही नाही. त्याला सभासद करायचं की नाही हे आधीचे हक्कदार ठरवणार.

आपल्या जगाशी ताडून बघा. आपण फ्लॅट घेतो तेव्हा शेअर सर्टिफिकेट, पार्किंगची भांडणं आणि वार्षिक सभेतलं एक मत त्याच्याबरोबर येतं. विकत घेणं म्हणजेच आत येणं. टोर्बेलमध्ये या दोन गोष्टी मुद्दाम तोडलेल्या होत्या. गावकरीपण रक्ताने यायचं आणि तेही बापाकडून. आजही स्विस पासपोर्टवर जन्मगावाऐवजी मूळ गाव छापतात, जिथे त्या माणसाने कदाचित पाऊलही ठेवलेलं नसतं. त्याला कारणही आहे. स्वित्झर्लंडमध्ये विसाव्या शतकातही गरिबीत पडलेल्या माणसाला आधार देण्याची जबाबदारी त्याच्या मूळ गावावर येत असे. नवा माणूस आत घ्यायचा म्हणजे त्याचं पोट, त्याच्या मुलांची पोटं आणि त्यांचा म्हातारपणाचा खर्च आत घ्यायचा.

दार बाहेरच्यांना बंद होतं, पण आतल्यांनाही ते सैल नव्हतं. गवत मोजकं, म्हणून गाई मोजक्या, म्हणून माणसंही मोजकी असणं भाग होतं. चर्चच्या वह्यांमधून नेटिंगला दिसलं की इथे लग्नं खूप उशिरा होत. बरेच जण आयुष्यभर अविवाहितच राहत. दोन मुलांमधलं अंतर मोठं असे आणि पुष्कळ लोक गाव सोडून जात. वाटणीचे तुकडे किती लहान होणार याला लगाम बसला तो असा. गवत टिकलं त्याची किंमत कोणीतरी न झालेल्या लग्नात आणि न परतीच्या प्रवासात भरली होती. आता या वाक्यानंतर ते हिरवंगार चित्र पुन्हा बघा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बटाटा आला आणि गणित बदललं. उंचावर, कमी जागेत, जास्त पोट भरणारं पीक. एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या वाढली, पण आल्प काही वाढली नाही. वरच्या वालिसमधून कितीतरी कुटुंबं अमेरिकेला निघाली. अर्जेंटिनातल्या सांता फे प्रांतातलं सान हेरोनिमो नॉर्ते हे गाव १८५८ मध्ये अशाच लोकांनी वसवलं. तिथे त्यांना जमीन मिळाली, आणि इकडे उरलेल्यांना गवत.

बायकांचं काय? जमिनीत मुलींना भावांइतका वाटा होता, ही मोठीच गोष्ट. पण गावसभेत मत म्हणजे पुरुषाचं मत. या बाबतीत टोर्बेल वेगळं नव्हतं, सगळा देशच तसा होता. मजा अशी की पहिला तडा याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला गेला. ३ मार्च १९५७ रोजी उंटरबेख या शेजारच्या खेड्यात देशात पहिल्यांदा बायकांनी राष्ट्रीय मतदानात मतं टाकली. विषय होता नागरी संरक्षणाची सेवा बायकांवरही सक्तीची करावी का. गावच्या कारभाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं, ज्यांच्यावर बोजा टाकायचा त्यांना विचारा तरी! ती मतं अर्थातच मोजली गेली नाहीत. बायकांना देशपातळीवर मताधिकार मिळाला तो थेट १९७१ मध्ये. म्हणजे जगातली सगळ्यात जुनी म्हणून मिरवणारी लोकशाही अर्ध्या लोकांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फ्रेम्डेच समजत होती. आणि 'जो भार उचलतो त्याला मत' हे टोर्बेलचंच तत्त्व होतं. उंटरबेखने ते फक्त थोडं पुढे ओढलं.

मग आजचं टोर्बेल? नेटिंग तिथे गेला तेव्हा १५१७ चा नियम अजून लागू होता, पण गावाचा जीव दुसरीकडे सरकत होता. खाली फिस्पमध्ये लोंझा कंपनीचा रासायनिक कारखाना १९०९ पासून आहे. (हीच ती लोंझा. कोविडच्या काळात मॉडर्ना लशीचा मुख्य घटक फिस्पमध्येही बनत होता.) रस्ता झाला, बस आली, आणि शेतकरी सकाळी कारखान्यात व संध्याकाळी गोठ्यात असा दुहेरी संसार करू लागले. पुढच्या पिढीने गोठाही सोडला. वरच्या मोसआल्पवर आता खिंडीतून जाणारा डांबरी रस्ता आहे, फिरायला येणारे लोक आहेत, हिवाळ्यात थोडं स्कीइंग आहे. गावातली जुनी लाकडी कोठारं, गिरणी आणि भट्टी हौशी गावकऱ्यांनी जपून ठेवल्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने आल्पवरचा उन्हाळी मोसम आणि पारंपरिक पाटपाणी या दोन्हींना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. एखाद्या गोष्टीला वारसा म्हणायची वेळ आली की ती रोजच्या वापरातून थोडी बाहेर गेलेली असते, नाही का?

पाचशे वर्षांपूर्वी भीती होती ती आल्पवर फार गाई जातील याची. आज आल्प्समध्ये अनेक ठिकाणी भीती उलटी आहे, पुरेशा गाई जात नाहीत. चरणारं जनावर नसलं की गवतावर झुडपं येतात, मग जंगल येतं आणि कुरण संपतं. म्हणून आता स्विस सरकार उन्हाळ्यात गुरं वर नेणाऱ्यांना अनुदान देतं. आणि मग शहरातला करदाता विचारतो, असली डोंगरातली गावं राखायचीच कशाला? हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. २८ मे २०२५ रोजी याच वालिसमधल्या लोचेन्टाल दरीत बर्च हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. देखरेख चोख होती, त्यामुळे साधारण तीनशे लोकांना नऊ दिवस आधीच बाहेर काढलं होतं. जीव गेला तो एका माणसाचा. ब्लाटेनच्या लोकांना तिथेच परत गाव उभारायचं आहे. बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. टोर्बेलचा इतिहास वाचल्यावर मला तो तितकासा वाटत नाही. पाट, वाटा, जंगल आणि आल्प मिळून पाचशे वर्षं सांभाळलेली जागा म्हणजे नुसता प्लॉट नसतो, की हा गेला तर दुसरा घेऊ.

माझ्यापुरतं मी टोर्बेलकडून दोन गोष्टी घेतल्या आणि त्या एकमेकींना टोचतात. पहिली अशी की सामायिक गोष्ट टिकवायला माणसं संत असावी लागत नाहीत. नियम थोडके हवेत, सगळ्यांना डोळ्यांनी तपासता येतील असे हवेत आणि ज्यांच्यावर लागू होणार त्यांनीच केलेले हवेत. सोसायटीच्या पाण्यापासून भूजलापर्यंत कुठेही हे लावून बघा. दुसरी अशी की टोर्बेलचा नियम चालला कारण 'आपण' म्हणजे कोण हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं आणि बाकीच्यांना दाराबाहेर ठेवलं होतं. आपल्यापैकी बहुतेक जण आज ज्या शहरात राहतो तिथे एक-दोन पिढ्यांपूर्वी फ्रेम्डेच होतो. आपलं बिऱ्हाड आलं तेव्हा कोणी १४८३ चा कागद पुढे केला नाही म्हणून आपण इथे आहोत. आता आपण आत आहोत आणि टँकरच्या पाण्यावरून 'ही बाहेरून आलेली गर्दी' असं आपणच म्हणायला लागलो आहोत.

दार उघडं ठेवून गवत राखता येतं का, याचं उत्तर टोर्बेलकडे नाही, कारण त्यांनी तो प्रयोग केलाच नाही. तो आपल्या वाट्याला आला आहे.

असो. कधी झेरमाटला जाण्याचा योग आला तर स्टाल्डेनला मान वर करून बघा. घरं काळी दिसतील, ती उन्हाने भाजलेल्या लार्चच्या लाकडाची. त्यातलं कितीतरी लाकूड चिठ्ठी टाकून वाट्याला आलेलं असणार.